पेटीचा पाहुणचार

२०१६ सालचा पौष. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते.

“एकही घर वाईट निघालं नाही?” अप्पांनी विचारलं.

“एकही नाही.” मन्मथने कागद पुढे केला. “तेवीस घरं. तेवीसही चांगली.”

चन्नबसअप्पा मठाचे म्हातारे स्वामी. त्यांनी कागद घेतला नाही.

कर्नाटकाच्या शिवेवरचं हे गाव अख्खं खडकावर बसलेलं. मन्मथ इथलाच, पोरका. सात वर्षं मठात राहिला, रोज पाच घरची भाकरी मागून वाढला. आता शहरात कॉलेजात शिकवत होता. दोन वर्षांत गावातली तीन माणसं फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली. तिघांनीही कधी बिडी ओढली नव्हती. तेव्हा तो रेडॉन मोजायच्या पेट्या घेऊन आला. खडकातून निघणारा वायू, ना वास, ना रंग. बंद घरात साठतो आणि वर्षानुवर्षं छाती पोखरतो. घरात आठ दिवस पेटी ठेवली की कळतं.

“या गावाची भाकरी खाल्ली होती, अप्पा. आज फेडली.”



अप्पांनी अंगावरचं कोरं उपरणं काढून बाजूला ठेवलं. खाली बंडी. खांद्यावर फाटलेली, दोन ठिगळं लावलेली.

“तू येणार म्हणून पांघरलं होतं.”

मन्मथला काही उमगेना.

“त्या निलाच्या घरी पेटी आली तेव्हा तिनं काय केलं?”

“निलाकाकूंनी? हळदकुंकू लावलं, पाटावर बसवली.” तो हसला. “समोर रांगोळीसुद्धा.”

“आणि दार?”

त्याचं हसू मावळलं. पेट्या परत घ्यायला गेला तेव्हा घरोघरी दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या. भर थंडीत. त्याला वाटलं होतं, आपल्या मानासाठी.

“कागद दिला होता सोबत,” तो म्हणाला. “दारं नेहमीसारखी बंद ठेवा, असं छापलं होतं.”

“निलाला वाचता येतं?”

मन्मथने कागद घडी करून खिशात घातला.

“सगळं पुन्हा करावं लागेल. आता कुठल्या तोंडाने जाऊ?”

“भाकरी मागायला ज्या तोंडाने जायचास.”

तो गेला. पायी, दारोदार.

“माझं चुकलं, काकू. पेटी पुन्हा ठेवायची.”

“ठेव की. या टायमाला पुरण घालते तिला.”

“काही करू नका. पाहुणी समजू नका. रोज राहता तसं राहा.”

“म्हणजे दार लावून, चुलीपाशी? पसारा तसाच?”

“तसाच.”

“एवढं शिकलास आणि हे सांगायला दोनदा आलास होय रे?”

मन्मथने मान खाली घातली. काकूंनी त्याला हाताला धरून चुलीपाशी बसवलं. आठही दिवस तो गावातच राहिला.

माघात नवा कागद आला. ज्यांना सांगायला हवं होतं त्या घरांत तो आधी गेला, मग मठाकडे निघाला. वाटेत निलाकाकूंचा नवरा मागच्या भिंतीला पहार लावून खिडकीसाठी दगड काढत होता. पलीकडच्या घरात गवंडी जमिनीच्या भेगा बुजवत बसला होता.

“अकरा घरं वाईट निघाली, अप्पा.”

अप्पांनी हात पुढे केला. कागद घेतला, घडी घालून मांडीखाली ठेवला.

“आता फिटली.”