फूल उठेना, दगड हलेना

दगडावर राही दगडफूल. आपल्या मसाल्याच्या डब्यात असतं ना, तस्संच. करडं आणि कुरकुरीत.
दगडाखाली राही उंदराचं पिल्लू, खुडबुड्या.

एकदा खुडबुड्या बाहेर पडला. तुरुतुरु तुरुतुरु.
इकडे एका म्हशीनं दगडाला पाठ घासली. खस्स खस्स!
दगड घसरला. गडगड धप्प!
बिळाचं तोंड बंद!
आई आत. खुडबुड्या बाहेर.
त्यानं खणलं. खरखर खरखर. पण खाली सगळा कातळ.

"दगडदादा, दगडदादा, हल ना! आई भेटेना!"
"कसा हलू? अंगावर दगडफूल झोपलंय. मघाशी थोडक्यात वाचलं, आता झोपेत पडेल ना ते! ते उठेल, तर मी हलेन."

खुडबुड्या वर चढला. तुरुतुरु तुरुतुरु.
"दगडफुला, दगडफुला, ऊठ ना! दगड हलेना, आई भेटेना!"
"आऽऽ... केवढा रे तू घाईचा!"
"केवढं रे तू झोपाळू!"
"झोपाळू नाही, तहानलंय मी. धुकं येईल, तर मी उठेन."

धुकं दरीत लोळत होतं. खुडबुड्या गेला. तुरुतुरु तुरुतुरु.
"धुक्या, धुक्या, ये ना! फूल उठेना, दगड हलेना, आई भेटेना!"
"मला पाय कुठायत? वारा सुटेल, तर मी येईन."

वारा झाडावर बसला होता. गाल फुगवून. खुडबुड्या गेला. तुरुतुरु तुरुतुरु.
"वाऱ्या, वाऱ्या, सूट ना! धुकं येईना, फूल उठेना, दगड हलेना, आई भेटेना!"
"शिट्टीशिवाय गाडी सुटते का? बांबू वाजेल, तर मी सुटेन."

खुडबुड्या बांबूकडे गेला. तुरु... तुरु... दमला बिचारा.
"बांबूदादा, बांबूदादा, वाज ना! वारा सुटेना, धुकं येईना, फूल उठेना, दगड हलेना, आई भेटेना!"
"वाजू कुठून? मला भोकच नाही!"
"भोक? एवढंच? थांब!"
कुरुम कुरुम. कुरुम कुरुम.
पडलं भोक!

वाऱ्यानं भोकात हळूच फुंकर मारली. शूऽऽऽ!
बांबू वाजला. वारा सुटला. धुकं आलं.
दगडफूल प्यालं गटागटा. फुगलं. हिरवंगार झालं. डोळे उघडून म्हणालं, "धरलं रे घट्ट, हल आता!"
दगड हलला, परत जागेवर गेला. गडगड गडगड!
आई भेटली!

"होतास कुठे रे? केव्हाची हाका मारतेय!"
खुडबुड्या तिच्या कुशीत शिरला.

आता तो रोज बाहेर पडताना वर बघतो.
"ए झोपाळू, मी चाललो!"
"जा रे घाईवाल्या. मी इथंच आहे."