राजाची बिनपाण्याची

"लिंबाजी! उद्या दसऱ्याच्या दरबारात माझ्या गालावर फेस उभा राहिला नाही, तर तू आणि तुझं बिऱ्हाड तांबगडाच्या हद्दीबाहेर!"

उदेभान महाराज गरजले. गरजणारच! बिनफेसाच्या दाढीत हनुवटी जागोजाग कापली होती आणि वरून तुरटी चोळली होती. तुरटी झोंबली की राजा काय नि रंक काय, सारखेच कोकलतात.

"पण सरकार..." लिंबाजी न्हाव्यानं हात जोडले.

"पण नाही नि बिण नाही! आणि पाणी वाड्यातल्या विहिरीचंच हवं. बाहेरचा थेंब आणलास तर याद राख!"

इथंच तर मेख होती. ती विहीर खोदली महाराजांच्या आजोबांनी. नाव ठेवलं अमृतकुंड. पाणी मात्र असं जड, की साबण त्यात फाटायचा आणि फेसाऐवजी चोथा हाती यायचा. डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी दाताखाली कटकन वाजायची. पण बोलतो कोण? आजोबांनी दवंडीच पिटवून ठेवली होती, की अमृतकुंडाच्या पाण्याला जो नावं ठेवील त्याचं मुंडण करून गाढवावरून धिंड काढायची! तेव्हापासून अख्खा दरबार कच्ची डाळ कुडुमकुडुम चावत होता आणि "वाहवा, काय मऊ शिजलीय!" म्हणत होता. दिवाणजींचा एक दात त्या डाळीनंच पडला. ते म्हणाले, वयानं पडला.

लिंबाजी घरी आला तो रडवेला होऊनच. त्याची लेक साळू मोठी तिखट. तिनं सगळं ऐकून घेतलं, बापाच्या धोकटीतून साबण आणि कुंचला काढला, घागरीतलं नदीचं पाणी वाटीत घेतलं आणि कुंचला गरागरा फिरवला. वाटी काठोकाठ भरली.

"बघा आबा! साबण तोच, कुंचला तोच. आणि फेस कसा कवडी दह्यासारखा आलाय!"

"ते मला ठाऊक नाही होय गं? पण पाण्याला नावं ठेवली तर गाढव, नाही ठेवली तर हद्दपारी! हे घर सोडायचं, तुझ्या आईनं लावलेला तो चाफा सोडायचा..." लिंबाजीनं उपरण्यानं डोळे टिपले.

साळूच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण रडत बसेल तर ती साळू कसली!

"आबा, तुम्ही वस्तऱ्याला धार लावा. फेसाचं मी बघते. आणि उद्या काही झालं तरी तोंड उघडू नका."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. महाराज गळ्याला पंचा गुंडाळून बसले. साळूनं सगळ्यांदेखत अमृतकुंडाचं पाणी शेंदलं आणि वाटीत कुंचला फिरवला. चार बुडबुडे आले नि फुटले. ते पांढुरकं पाणी तिनं महाराजांच्या गालांना फासलं, मागं सरली आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई! काय फेस आलाय! दिवाणजी, आलाय ना हो? की पाण्यातच काही खोट आहे?"

दिवाणजींना दरदरून घाम फुटला. "छे छे! खोट कसली? फेस कसला, लोणी आहे लोणी!"

"मी तर म्हणतो, जरा जास्तच झालाय," सेनापती म्हणाले.

राजवैद्यांनी डोळे किलकिले केले. "महाराजांचं नाक दिसेना!"

महाराजांनी गालाला हात लावला. हनुवटीवरून पाणी ठिबकून अंगरख्यात चाललं होतं. आरशात पाहिलं, तर दाढीचे खुंट ज्वारीच्या धसकटासारखे उभे!

"अगं, कुठाय फेस?"

"सरकार, एवढा दरबार खोटं बोलेल का? रोज डाळ शिजली म्हणतात तीही हीच मंडळी. आबा, घ्या वस्तरा!"

वस्तरा चमकला. लिंबाजीनं तो महाराजांच्या हनुवटीला टेकवला. कालच्या जखमा अजून ओल्याच होत्या.

"थांब! थांब म्हणतो ना! फेस आलेला नाही!"

"का बरं नाही आला, सरकार?"

"का म्हणजे? पाणी जड आहे म्हणून! पाणी कसलं, दगड आहे दगड! ज्यात जन्मात डाळ शिजली नाही, त्याला फेस काय येणार, कपाळ?"

कोतवाल हळूच मागं सरकला, कारण गाढव आणायचं काम त्याचं. आपण काय बोलून गेलो ते महाराजांच्याही ध्यानात आलं आणि त्यांचा हात आपोआप डोक्यावर गेला.

साळूनं वाकून मुजरा केला. "सरकार, हुकूम थोरल्या महाराजांचा. मुंडण तर करावंच लागणार. नदीचं पाणी मागवू, की बिनपाण्यानं करू?"

महाराज तिच्याकडं बघतच राहिले. मग असे हसले, असे हसले, की गळ्याचा पंचा सुटून खाली पडला!

"बिनपाण्यानं तर तू आत्ताच केलीस माझी, भर दरबारात! जा रे, ती दवंडी मोडली म्हणून नवी दवंडी पिटा! आजपासून वाड्यात नदीचं पाणी! लिंबाजी, तू इथंच राहायचं, तुझं बिऱ्हाडही इथंच. आणि साळू, तुला काय देऊ?"

"आज वाड्यावर मऊ शिजलेल्या डाळीचं वरण करा सरकार, आणि आम्हा बापलेकीला पोटभर जेवू घाला."

"दिलं! वर हे सोन्याचं कडं!" महाराजांनी हातातलं कडं काढून तिच्या ओंजळीत टाकलं. मग दरबारावर नजर फिरवली. "आता ज्यांना ज्यांना फेस दिसला, त्यांना बसवा रांगेत. त्यांची दाढी याच फेसानं होईल!"

दिवाणजींनी दोन्ही हातांनी दाढी गच्च धरली. साळू वाटी घेऊन पुढं झाली आणि ते पांढुरकं पाणी त्यांच्या गालाला फासत म्हणाली, "दिवाणजी, डोळे मिटून घ्या बरं! लोणी जाईल डोळ्यांत!"