लॅपटॉपला बूट होत नाही

चिंचटाके गावात केरबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहायचा. भोळा म्हणजे किती? कुणी ‘बसा’ म्हटलं की बसायचा, आणि समोरचा ‘उठा’ म्हणायला विसरला तर तिथंच जेवायचा.

त्याची बायको शालन गावच्या शाळेत बाई होती. लग्नात मैत्रिणींनी तिला विचारलं होतं, “याच्यात काय बघितलंस गं?” शालन म्हणाली होती, “सांगितलेलं ऐकतो.” ते खरंच होतं. तीच तर पंचाईत होती.

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा दिवस उजाडला. नाचाची सगळी गाणी शालनच्या लॅपटॉपात. सकाळी तिनं लॅपटॉप उघडला तर निळा पडदा आणि वर एक रडका चेहरा. बंद करून परत लावला. परत रडका चेहरा. मग शालनचाही चेहरा तसाच झाला. महिनाभर नाचून पोरांनी टाचा झिजवल्या होत्या.

“अहो, स्टँडवरच्या अल्ताफभाईंकडं न्या हा,” ती म्हणाली. “ते सांगतील तसं करा.”

केरबा लॅपटॉप काखेत मारून निघाला.

अल्ताफभाईंनी लॅपटॉप उघडला, चार बटणं दाबली. “केरबाभाऊ, अँटीव्हायरस अपडेट होताना मध्येच अडकला. त्याचा ड्रायव्हर बिघडलाय. म्हणून बूट होत नाही.”

“मलाही होत नाही,” केरबा म्हणाला. “अंगठा मोठा आहे माझा. मी चपलेवर भागवतो.”

अल्ताफभाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग लॅपटॉपकडं बघितलं. “आधी तो ड्रायव्हर काढायला पाहिजे,” ते म्हणाले. “त्याशिवाय गाडी पुढं जायची नाही. जरा वेळानं या.”

केरबा विचार करत शाळेकडं आला. फाटकाशी उतारावर स्पीकरचा टेम्पो उभा होता, आणि आत सदा ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून डोळे चोळत, खोकत बसला होता. बिघडलेला दिसतच होता. केरबानं दार उघडलं आणि त्याला दंडाला धरून खाली ओढलं.

“अरे, काय झालं?”

“तू बिघडलायस. तुला काढल्याशिवाय गाडी पुढं जायची नाही.”

सदा खाली आला आणि गाडी लगेच पुढं गेली. उतारावरून आपली आपण गेली, वळणावर वळली नाही, आणि कडब्याच्या गंजीत तोंड खुपसून थांबली. केरबाला अल्ताफभाईंचं कौतुक वाटलं. माणसाला विद्या आहे.

शालन धावत आली. “अहो! काहीही काढायचं तर आधी बंद करायचं! आधी बंद, मग काढायचं!”

“असं होय,” केरबा म्हणाला. “आता ध्यानात ठेवतो.”

ध्यानात ठेवून तो परत दुकानात गेला. अल्ताफभाई वाकून बसले होते. कपाळावर घाम.

“चाललंय का?” केरबानं विचारलं.

“चाललंय. ड्रायव्हर काढतोय बघा. पन्नास टक्के झालं.”

चालू असतानाच काढतायत! केरबानं दाराजवळचं मोठं बटण खाली ओढलं. बॅटरी काढून ठेवलेला लॅपटॉप बंद. पंखा बंद. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन अर्धा कागद गिळून बंद.

“आता काढा,” केरबा म्हणाला.

अल्ताफभाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. “केरबाभाऊ! चालू कामात हात घालायचा नसतो! शंभर टक्के होईपर्यंत हाताची घडी घालून गप्प बघत राहायचं! आता मला पहिल्यापासून करावं लागणार. तुम्ही जा बघू. झालं की शाळेत फोन करतो.”

“असं होय,” केरबा म्हणाला. “आता ध्यानात ठेवतो.”

शाळेत शालन पोरांना फेटे बांधत होती. तिनं त्याला स्टेजजवळ उभं केलं. “इथं लक्ष ठेवा. बाकी काही करू नका.”

एवढ्यात एक शेळी स्टेजवर चढली. कागदी फुलांची कमान तिनं हुंगली आणि खायला लागली. केरबा पुढं सरकला आणि थबकला. काम चालू होतं. त्यानं हाताची घडी घातली. शेळीनं फुलं संपवली, पानं संपवली, मग ‘स्नेहसंमेलन’ अशी कापून लावलेली अक्षरं एकेक करून खाल्ली.

शालन आली तेव्हा फक्त शेवटचा ‘न’ राहिला होता.

“अहो, बघताय काय!”

“थांब गं,” केरबा हळूच म्हणाला. “नव्व्याण्णव टक्के झालंय.”

शालननं शेळी हाकलली आणि मग त्याला धरलं. “कुणी असं आत शिरून खाताना दिसलं, तर ओरडायचं! काठी घ्यायची! फाटकाबाहेर घालवायचं!”

“असं होय. आता ध्यानात ठेवतो.”

प्रमुख पाहुणे बनसोडेसाहेब जरा लवकरच आले. ऑफिसात कुणी नव्हतं. टेबलावर लाडवांची ताटली होती. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं आणि एक लाडू तोंडात टाकला. नेमका तेव्हाच केरबा दारात आला.

“हाऽऽड! हुर्र! हुर्र!”

साहेब पुढं, केरबा काठी घेऊन मागं. मैदानाला वळसा पडला. “अहो, मी पाहुणा आहे, प्रमुख पाहुणा!” साहेब लाडू सांभाळत ओरडले.

“शेळीला बोलता आलं असतं तर तीही हेच म्हणाली असती,” केरबा म्हणाला आणि त्यानं फाटक लावून घेतलं.

साहेबांना परत आणायला शालनला दोनदा हात जोडावे लागले आणि एक तांब्याभर सरबत लागलं. मग तिनं केरबाला बाजूला घेतलं. आता तिचा आवाज रडवेला झाला होता.

“अहो, आलेल्याचं स्वागत करायचं असतं हो! खांद्यावर शाल, गळ्यात हार आणि नारळ. स्वागत म्हटलं की हे तीन. एवढं तरी लक्षात ठेवाल ना?”

तिचे भरलेले डोळे बघून केरबाला फार वाईट वाटलं. त्यानं मनात शपथ घेतली. शाल, हार, नारळ. आता चूक नाही.

तेवढ्यात अल्ताफभाईंचा फोन आला. केरबा पळत गेला. “ड्रायव्हर निघाला,” अल्ताफभाई म्हणाले. “सुरू होतोय. स्टेजवर नेऊन हे बटण दाबा. पुढचं बाई बघतील.” केरबानं लॅपटॉप तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरून आणला.

संध्याकाळ झाली. अख्खं गाव मैदानात. साहेब पहिल्या रांगेत, केरबापासून लांबच्या खुर्चीवर. स्टेजवर पोरं हात वर करून गाण्याची वाट बघत उभी. केरबानं बटण दाबलं. पडदा उजळला. रडका चेहरा नाही! एक गोल फिरला, आणि खाली शब्द उमटला.

पोरांच्या रांगेपलीकडून शालननं विचारलं, “काय दिसतंय हो?”

“स्वागत!” केरबा म्हणाला.

“छान!” शालनचा जीव भांड्यात पडला. “होऊ द्या मग!”

केरबा उठला. सत्काराचं ताट जवळच होतं. त्यानं लॅपटॉपच्या खांद्यावर शाल घातली. हार घातला. गावानं टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमाचाच भाग वाटला त्यांना. मग केरबानं नारळ घेतला आणि थांबला. लॅपटॉपच्या चारी बाजूंनी फिरला. त्याला उचलून खालून बघितलं. जरा विचार केला. मग नारळ शेजारच्या खांबावर आपटला, दोन्ही वाट्या बटणांवर धरल्या आणि पाणी शेवटच्या थेंबापर्यंत निथळू दिलं.

चर्र झालं. थोडा धूर निघाला. पडदा काळा झाला.

पोरांचे हात वरच. पहिल्यांदा हसले ते बनसोडेसाहेब. इतके हसले की खुर्चीसकट मागं गेले. मग सगळं मैदान हसायला लागलं, आणि त्या गलक्यात शालननं पदर खोचला, माइक हातात घेतला आणि स्वतः गायला लागली. गावानं टाळ्यांचा ठेका धरला. पोरं नाचली. चुकली, एकमेकांवर आपटली, पण नाचली. साहेबांनी दोन गाणी परत म्हणायला लावली.

सगळं आटोपल्यावर शालन कपाळाला हात लावून स्टेजच्या कडेला बसली. केरबा शेजारी येऊन बसला.

“अहो,” ती म्हणाली, “नारळ हातात द्यायचा असतो.”

“ते का मला कळत नाही?” केरबा म्हणाला. “चारी बाजूंनी बघितलं, उलटा करून बघितलं. हातच नाहीत गं त्याला. म्हणून फोडून पाजला.”