रानाच्या खरेदीवरची सही

"समितीत एक बाई लागते, तिच्या सहीशिवाय कागद हलत नाही. तुमची नवी सून घाला, ती बोलत नाही," खोत माझ्या सासऱ्यांना सांगत होते. मी माजघरात फणसाचे गरे काढत होते.

सरकारी निधीतून खोतांचं रान विकत घेऊन गावाने ते राखायचं, असं ठरलं होतं. गावाचा झरा त्याच रानात आहे.

सहीच्या दिवशी खोत म्हणाले, "झाडं तेवढी आधी तोडून नेतो. जमीन काय, आहे तेवढीच राहते." निधीवाल्या साहेबांनी मान डोलावली. मामंजींनी कागद पुढे सरकवला. "सूनबाई, करून टाका सही."

मी म्हटलं, "करते की. तोड झाली की त्याच रानात करते, वैशाखातल्या भर दुपारी. साहेबांनी फक्त बसायला सावली शोधून ठेवावी."