खरेदीखताच्या पाठीवरची कविता

फार वर्षांपूर्वी, सकाळी बरोबर सव्वानऊला, वेल्स देशातल्या एका जहागिरीच्या दप्तरखान्यात उंदरीण शिरली. दिवस भरत आले होते आणि पिल्लांखाली घालायला काहीच नव्हतं, त्याचा तिला घोर लागला होता.

रेशमी फितीला लाखेची मोहर टांगलेलं खरेदीखत म्हणालं, "बाई, मी मालकाच्या जमिनीचा पुरावा. मला सोड. माझ्या पाठीवर कुणी मालकाची टिंगल करणारी कविता खरडलीय, ती खुशाल कुरतड."

उंदरिणीनं मागून दात लावला.

"अगं, दात आरपार गेला, पुढून लिहिलेली माझी दोन शेतं गेली."

"मग? पाठ तुमचीच ना?"



"कविता तशी बरी आहे," खत म्हणालं. "ही मोहरेची फीत ने, मऊ आहे. आणि बाकीच्या उंदरांनाही सांग, कवितेला कुणी तोंड लावायचं नाही."