ठिगळ्या मिनार

करंजखेडच्या मशिदीचा डावा मिनार पाहिला की पाहुणे हसतात. काळ्या दगडात मध्येच तांबडा, कुठे फुटक्या जात्याची तळी, कुठे पाटा. बांग देणारे बुढनचाचा त्यांना हसू देतात आणि मग सांगायला बसतात.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, मोठा दुष्काळ पडला. सकीनाबी नावाची पखालवाली रेड्यावर पखाल लादून दोन कोसांवरच्या झऱ्याचं पाणी आणी आणि मशिदीचा हौद भरी. मोबदला घेत नसे. वारलेल्या नवऱ्याला पुण्य लाभावं म्हणून वर्षभर हौद भरण्याची मन्नत तिनं मानली होती.

त्याच साली मिनाराला तडा गेला. मशिदीचा कारभार पाहणारे मुतवल्ली दाऊदमियाँ लबाड नव्हते, पण धास्तावले. डागडुजीसाठी त्यांनी हौदाला कवाड लावलं. नमाजाआधी हातपाय धुवायचे तर आधी पैसा टाका. पहिल्याच दिवशी म्हातारा पिंजारी आल्यापावली परत गेला. ते सकीनाबीनं पाहिलं. तिच्या नवऱ्याचं पुण्य बाजारात मांडलं होतं.

शुक्रवारी तिनं रेडा हौदाकडे वळवलाच नाही. पायरीशीच पखालीचं तोंड सोडलं आणि येईल त्याच्या हातावर पाणी घालू लागली. आत कुलूप कोरड्या हौदाची राखण करत बसलं. बांग झाली. दाऊदमियाँही मान खाली घालून रांगेत आले, त्या पिंजाऱ्याच्याच मागे.

"हात पुढं करा, मुतवल्लीसाब," ती म्हणाली. "हितं पैसा पडत नाही."

त्या दिवशी काझीसाहेब गावात होते. "आणि मिनार पडला तर?" दाऊदमियाँनी त्यांना विचारलं.

"झोळी फिरवा, देईल तो देईल. अल्लाच्या नावानं दिलेलं पाणी विकायला ते तुमचं आहे कुठं?"

दाऊदमियाँनी आपल्या हातानं कवाड उखडलं आणि झोळी घेतली. दुष्काळात पैसा कुणाकडे असणार? लोकांनी दगड दिले. कुणी पाटा आणला, कुणी घराचा उंबरा. सकीनाबीनं रेड्याची पाणी प्यायची दगडी डोण दिली. ईदेच्या आत मिनार सांधून उभा राहिला, असं सांगतात.

आजही नवा मुतवल्ली पहिल्या शुक्रवारी पायरीवर उभा राहून गरिबातल्या गरिबाच्या हातावर पाणी घालतो. मिनाराच्या माथ्यावर बसवलेल्या त्या डोणीत पाखरं पाणी पितात. गोष्ट ऐकून उठलेला पाहुणा हौदाशी जातो आणि सवयीनं खिसा चाचपतो.

"हात बाहेर काढा," बुढनचाचा म्हणतात, "आणि पाण्याखाली धरा."