परीटवाडीची अक्षत

एकदा एका नदीकाठच्या नगरात एक वृद्ध स्थपती राहत असत. तिथले रस्ते, पाणवठे, बाजार, सारे त्यांनीच आखलेले. आता नजर अधू झाली, म्हणून नवा घाट आणि घाटापर्यंतचा रस्ता त्यांनी आपल्या शिष्यावर सोपवला.

शिष्याचे हे पहिलेच स्वतंत्र काम. तीन महिने खपून त्याने बाजारापासून घाटापर्यंत सुतासारखा सरळ रस्ता आखला. मध्ये परीटवाडीची अकरा घरे येत होती. त्यांना टेकडीमागे जागा नेमून दिली, तीही आजच्यापेक्षा मोठी. आपल्या हातून कुणावर अन्याय झाला नाही, याचे त्याला मनापासून समाधान होते.

भूमिपूजनाचा दिवस उजाडला. घाट बांधून देणारे नगरशेठ जरीची पगडी घालून पाटावर बसले. शिष्याने हात जोडले, डोळे मिटले आणि प्रार्थना म्हटली, "या जागेत राहणाऱ्या जीवांनो, तुम्हाला उठवतो आहोत. क्षमा करा, दुसरीकडे सुखाने नांदा." पाटाजवळून मुंग्यांची रांग चालली होती, तिला धक्का नको म्हणून त्याने आपला पाटही सरकवला.

आता कुदळ मारायची, तोच वृद्ध स्थपतींनी, त्याच्या गुरुजींनी, अक्षतांचे तबक उचलले आणि काठी टेकत ते चालू लागले.

"अहो गुरुजी, मुहूर्त टळतोय!" नगरशेठ ओरडले. "अक्षता इथं वाहायच्या, गावभर वाटायच्या नाहीत!"

गुरुजी थांबले नाहीत. शिष्य मागे धावला. परीटवाडीतल्या पहिल्या दाराशी गुरुजींनी तबक त्याच्या हाती दिले. "लग्नाची अक्षत देतात ना, तशी दे. बोलावणं कर."

दारात गिरजाआजी ओले धोतर पिळत होत्या. पदराला हात पुसून त्यांनी अक्षत घेतली.

"अगं बाई, आम्हाला बोलावणं? आम्ही तर गाठोडी बांधून बसलोय." मग जरा थांबून म्हणाल्या, "घर मोठं दिलंस, बाबा, देव तुझं भलं करो. पण टेकडीमागं नदी न्यायची राहिली बघ. आता मी धुणं काय वाऱ्यात धुऊ?"

शेजारच्या दारात कुणीतरी हसले. शिष्याला हसू येईना. वाडी मोजताना दोरीचे दुसरे टोक याच आजींनी धरले होते. त्याने त्यांना एक शब्द विचारला नव्हता.

गुरुजी हळूच म्हणाले, "बाळ, तुझी प्रार्थना खरी होती, म्हणून तर मला राहवेना. न दिसणाऱ्यांची तू क्षमा मागितलीस, मुंगीलाही वाट दिलीस. ज्यांना समोर बसून विचारायचं, त्यांच्यापुढे मात्र डोळे मिटलेस. ज्याचं घर उठतं, त्याचा शब्द आखणीत आधी पडावा लागतो."

एवढ्यात नगरशेठही येऊन पोचले. "पहिलंच काम, आणि आपल्या हातानं मोडतोस?"

शिष्याने तबक सावरले. "दहा घरं राहिलीत, शेठजी. तेवढं बोलावणं करून येतो. मग नकाशा पुन्हा मांडू."

पुढच्या महिन्यात नवा मुहूर्त निघाला. नकाशातला रस्ता आता वाडीला वळसा घालून जात होता, आणि घाटाच्या खालच्या अंगाला धुण्याचे अकरा दगड आखले होते. पहिली अक्षत गिरजाआजींनी वाहिली.

या वेळी प्रार्थना म्हणताना शिष्याने डोळे उघडे ठेवले.